स्मिता पाटील यांची माहिती हवीये, परवापर्यंत, अर्जंट!

घाईतली_आई:
लेकीला परवा स्मिता पाटील करायचीये आणि नेटवर बघावं तिथे तेच, भूमिका, चक्र, नॅशनल अवॉर्ड, १९८५ ची पद्मश्री, मला सामाजिक कामाचं पाहिजे. ते झोपडपट्टीवाल्यांसाठी उपोषण केलेलं ना त्यांनी, ते कुठल्या साली? पटकन सांगा प्लीज.

चहाबाज:
करायचीये म्हणजे? भाषण का निबंध? कितवीत आहे?

जुनं_खोड:
उपोषण शबाना आझमींचं हो. १९८६, मुंबईत संजय गांधी नगर झोपडपट्टी पाडली तेव्हा. माझं ऐका, शबानाच घ्या. राज्यसभेतही होत्या १९९७ ते २००३, मटेरियल भरपूर.

कोथरूडकरीण:
तिने स्मिता विचारलीये, तुम्ही शबाना काय गळ्यात मारताय? स्मिता मुंबईच्या विमेन्स सेंटरचं काम करायची. घरातूनच आलं ते, आई विद्याताई सोशल वर्कर, वडील शिवाजीराव राजकारणात, ती स्वतः राष्ट्र सेवा दलातली. उंबरठा (१९८२) मधली सुलभा महाजन घ्या, महिला सुधारगृहाची सुपरिंटेंडेंट.

जुनं_खोड:
तो रोल झाला, काम नव्हे.

कोथरूडकरीण:
असले रोल निवडणं हेही कामच आहे काका.

जुनं_खोड:
मग नमक हलालमधलं पावसातलं गाणं कशात धरायचं?

फावला_वेळ:
भांडू नका हो. जैत रे जैतची गाणी लावा कोणीतरी, काय ती गाणी! मी आत्ताच ऐकतोय.

घाईतली_आई:
अहो भाषण नाही, फॅन्सी ड्रेस! तिसरीत आहे, दोन मिनिटं मिळणार. शाळेने थीमच दिलीये, समाजासाठी काम करणारे कलाकार.

चहाबाज:
हे आधी सांगायचं ना बाई! मग सोप्पंय. सिनेमाच्या आधी त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या, जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या म्हणे, टेबलाखालचं कोणाला दिसतंय. पुढे बाक ठेवा, हातात कागद, बातमी म्हणून विमेन्स सेंटरचंच वाचू दे, आणि शेवटी उठून पुढे आली की खालची जीन्स दिसेल. टाळ्या नक्की.

घाईतली_आई:
भारीच! जीन्स आहे. पण साडी माझी सहावारी, ती पोरगी हरवेल त्यात. अर्धी फाडू का?

कोथरूडकरीण:
फाडू नका!! ओढणी घ्या, मोठ्या काठाची, खांद्यावर दोन पिना.

जुनं_खोड:
शबाना घेतली असती तर हा साडीचा प्रॉब्लेमच आला नसता.