ट्रेनला 'रेल्वे' म्हणायचं का?

ठाणेकर: 'रेल्वेखाली सापडून मृत्यू', 'रेल्वे दोन तास लेट' असलं बातम्यांत वाचलं की खटकतं. रेल्वे म्हणजे रूळ, सिग्नल, स्टेशनं, कर्मचारी सगळं धरून अख्खं खातं, धावते ती गाडी. मागच्या पावसाळ्यात फॅमिली ग्रुपवर नुसतं 'रेल्वे बंद आहे' असं आलं आणि काकूने डोंबिवलीहून दादरला डॉक्टरकडे जायचं रद्द केलं. बंद फक्त लोकलची हार्बर लाईन होती, डोंबिवलीहून दादरला जाणारी मेन लाईन चालू होती!

परभणीचा: तुमच्याकडं मेन, हार्बर, फास्ट, स्लो एवढं सगळं आहे म्हणून तुम्हाला वेगळे शब्द लागतात. आमच्याकडं 'गाडीनं आलो' म्हणलं की लोक विचारतात मोटरसायकल कुठं लावली, म्हणून 'रेल्वेनं आलो' म्हणावंच लागतं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी आलं तेव्हा सगळे 'पाण्याची रेल्वे आली' म्हणायचे, कुणाला कळलं नाही असं झालं का?

भुसावळकर: आमचं घर रेल्वेतलं, वडील गार्ड होते (२०२२ पासून त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात). 'बाबा रेल्वेत आहेत' म्हणजे नोकरीला आणि 'गाडी घेऊन गेलेत' म्हणजे ड्युटीवर. ट्रेनला घरात कुणी रेल्वे म्हणलेलं आठवत नाही. पॅसेंजर, मेल, मालगाडी, ज्याचं त्याचं नाव. आणि गाडी सुटते, गाडी चुकते, तिथे रेल्वे घालून बघा, कानाला बरं वाटतं का?

वाचक_पुणे: मग आगगाडी म्हणा ना, आपला शब्द आहे, लोहमार्ग पोलीस चालतात तर आगगाडी का नको?

ठाणेकर: आगगाडी गोड आहे पण मुंबईत १९२५ लाच व्हीटी ते कुर्ला विजेवर गाड्या सुरू झाल्या, लोकलला आगगाडी कोण म्हणणार. परभणीकर, मोटरसायकलचा मुद्दा पटला, बोलताना खुशाल म्हणा. पण बातमी देणाऱ्याने तरी नेमकं काय बंद आहे ते लिहावं, त्यावर माणसं घरातून निघायचं की नाही ते ठरवतात.

परभणीचा: मान्य, पण त्यासाठी 'रेल्वे' शब्द कशाला काढायचा, पुढं लाईनचं नाव लिहा की. 'हार्बर रेल्वे बंद' म्हणलं असतं तर काकू दादरला गेल्या असत्या.