मदत हवी आहे: मॅग फॉस ६ एक्स चालू ठेवावे की २०० घ्यावे?

रेवा_१२

नमस्कार. प्रश्न सरळ आहे, त्यामुळे उत्तरही सरळ मिळावे अशी अपेक्षा आहे. आईला गेले चार-पाच महिने शिरेच्या कळा येतात आणि अलीकडे रात्री पोटऱ्यांत गोळेही येऊ लागले आहेत. ओळखीच्या एका बाईंनी सुचवल्यावरून मॅग फॉस (मॅग्नेशियम फॉस्फेट) या होमिओपॅथीच्या औषधाच्या ६ एक्स शक्तीच्या चार गोळ्या दिवसातून तीन वेळा गरम पाण्यात विरघळवून तिला देत आहे आणि कळा निम्म्याने कमी झाल्या आहेत. गोळे मात्र थांबत नाहीत. आता होमिओपॅथीच्या औषधांच्या दुकानदाराने २०० ही पोटन्सी (म्हणजे अधिक विरल केलेले औषध) घ्या म्हणून सांगितले आहे. ६ एक्स बंद करून २०० सुरू करावे का, आणि किती दिवस द्यावे? कृपया आजच उत्तर द्यावे. होमिओपॅथी खरी की खोटी हा वाद इथे नको.

पिंपळपान

रेवाताई, मॅग फॉस हे जर्मन वैद्य डॉ. शुस्लर यांच्या बारा औषधी क्षारांपैकी सातवे. जर्मनीत आजही लोक त्याच्या दहा गोळ्या कढत पाण्यात विरघळवून घोट घोट पितात आणि त्याला 'गरम सात' म्हणतात. शेकल्याने, दाबल्याने किंवा अंग मुडपून घेतल्याने बरे वाटणारी, विजेसारखी चमकून जाणारी, गारव्याने वाढणारी आणि बहुधा उजव्या बाजूची कळ हे या औषधाचे लक्षणचित्र मानले जाते. मी स्वतः पंधरा वर्षे घरात बाळगतो. मुलीच्या पाळीतल्या पोटदुखीवर आणि माझ्या पोटरीच्या गोळ्यांवर त्याचा गुण आला आहे. ६ एक्स सोडू नका, फक्त पाणी अधिक गरम घ्या. पोटरीतल्या गोळ्यांसाठी क्युप्रम मेट हे तांब्यापासूनचे होमिओपॅथिक औषधही पाहता येईल.

त्रयस्थ

वाद नको हे मान्य करून केवळ हिशेब मांडतो. ६ एक्स म्हणजे दहा लाखांत एक भाग. चार गोळ्या मिळून एक ग्रॅम वजन धरले तर त्यात मूळ क्षार एक मायक्रोग्रॅम भरतो आणि उरलेली सगळी दुग्धशर्करा असते. मूठभर शेंगदाण्यांतून सुमारे पन्नास मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते, म्हणजे पन्नास हजार पट. २०० म्हणजे शंभरपट विरलीकरण दोनशे वेळा केलेले, त्यात मूळ क्षाराचा एक रेणूही उरण्याची शक्यता नाही. तेव्हा 'कोणते घ्यावे' या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच, की फरक पडणार नाही.

पिंपळपान

हिशेब मलाही येतो. शुस्लर यांचा दावा आहारातली क्षाराची तूट भरून काढण्याचा नव्हताच, पेशींना सूक्ष्म मात्रेने चालना देण्याचा होता. शिवाय आपली पद्धत होमिओपॅथी नव्हे, असे ते स्वतः म्हणत असत. ज्याला टीका करायची आहे त्याने निदान ती कशावर करतो आहोत हे पाहावे.

त्रयस्थ

चालना मिळते हे दाखवणारी चाचणी कुठे आहे? इतकेच कशाला, पूर्ण मात्रेतले मॅग्नेशियमसुद्धा उतारवयात रात्री पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांवर फारसे उपयोगी पडत नाही, असा वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. मग त्याचा दहा लाखावा भाग काय करणार?

सदाशिवराव

आपण दोघेही गोळ्यांच्या मागे लागला आहात. पोटरीत गोळा येतो तो अंगातले पाणी कमी पडल्यामुळे. रेवा, आईला दिवसाला साडेतीन ते चार लिटर पाणी पाजावे, रोज एक केळे द्यावे आणि झोपताना पायाखाली उशी घ्यावी. माझे वय त्र्याहत्तर आहे आणि या उपायाने मी चार महिन्यांत मोकळा झालो.

मोरपंखी

शिरेची कळ म्हणजे सायटिकाच असणार. माझ्या कमरेतल्या मणक्यांमधली चकती सरकली होती आणि कळ टाचेपर्यंत जात असे. सांगलीच्या एका फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामांनी मला आराम पडला. रेवा, त्यांना पाठीवर झोपवून पाय सरळ ठेवून उचलायला सांगा. कळ आली तर सायटिका समजा.

औषधीकण

मी तीस वर्षे औषधांचे दुकान चालवले आहे, म्हणून उत्तर देण्याआधी काही प्रश्न विचारतो. आईंचे वय किती? कळ नेमकी कुठे येते, पायात असे तुम्ही कुठेच लिहिलेले नाही. मधुमेह किंवा रक्तदाब आहे का? आणि मॅग फॉसखेरीज त्या दुसरी कोणती औषधे घेतात? मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर बी बारा जीवनसत्त्व तपासावे लागेल, कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर स्नायूदुखीचा विचार वेगळा करावा लागेल.

रेवा_१२

मी ६ एक्स की २०० एवढेच विचारले होते. असो. वय ६८. मधुमेह नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिचा याच्याशी काय संबंध? पाय उचलून पाहिला, काहीही होत नाही. कळ पायात नाहीच, उजव्या गालात आणि जबड्यात येते. दात घासताना, पहिला घास चावताना किंवा पंख्याचा वारा लागला की विजेचा झटका बसावा तशी येते, काही सेकंद राहते आणि जाते. आधी दाढेचे दुखणे वाटून एक दाढ काढूनही झाली, उपयोग शून्य.

पिंपळपान

उजवी बाजू आणि गारव्याने वाढ! पाहिलेत ना, मॅग फॉसचे लक्षणचित्र तंतोतंत जुळते.

औषधीकण

पिंपळपान, ते वर्णन एका ठरलेल्या आजाराशीही तंतोतंत जुळते. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूवर बहुधा एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते आणि त्यामुळे अशा कळा येतात. डॉक्टर त्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. त्यापायी दाढ काढून बसलेले रुग्ण माझ्या दुकानात कमी आले नाहीत. रेवा, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवले आहे का? दाखवले असेल तर त्यांनी काही दिले असणारच. कृपया औषधाचे आणि रक्तदाबाच्या गोळीचेही नाव पाकिटावरून पाहून लिहा.

मोरपंखी

मग सायटिका नव्हे तर. तरीही कमरेचे व्यायाम या वयात सर्वांनीच करावेत.

रेवा_१२

हो, दाखवले आहे. त्यांनी कार्बामाझेपिन २०० मिलिग्रॅम दोन वेळा दिले आहे, साधारण तीन महिने झाले. त्याने तिला चक्कर येते आणि ती दिवसभर पेंगते, म्हणून ते थांबवून मॅग फॉस २०० वर जावे असा माझा विचार आहे. धाग्याचा हेतूच तो होता. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी आहे.

त्रयस्थ

म्हणजे मॅग फॉस आणि कार्बामाझेपिन एकाच काळात सुरू होते? ताई, हे पहिल्या प्रतिसादात लिहायला हवे होते. या आजारात पहिले दिले जाणारे औषध कार्बामाझेपिन आहे. कळा निम्म्या झाल्या त्याचे श्रेय गरम पाण्याच्या पेल्याला मिळाले आणि चक्करेचा दोष मात्र खऱ्या औषधाच्या माथी आला.

पिंपळपान

दोन्ही एकत्र चालू असताना गुण कोणाचा हे तुम्हीही ठामपणे सांगू शकत नाही. एवढे मात्र मान्य, की डॉक्टरांना न विचारता कार्बामाझेपिन बंद करा, असे मी कधीही म्हटलेले नाही आणि म्हणणार नाही.

औषधीकण

भांडण बाजूला ठेवा, कारण महत्त्वाची गोष्ट आत्ता समोर आली आहे. रेवा, नीट वाचा. कार्बामाझेपिनमुळे काही रुग्णांच्या, विशेषतः वयस्क स्त्रियांच्या, रक्तातले सोडियम उतरते. क्लोरथॅलिडोन हे लघवीवाटे क्षार आणि पाणी बाहेर काढणारे औषध आहे आणि त्यानेही सोडियम उतरते, पोटॅशियमही उतरू शकते. ही दोन्ही एकत्र चालू असताना चक्कर, पेंग, मळमळ आणि पोटऱ्यांत गोळे अशी लक्षणे दिसली, तर पहिला संशय सोडियमवर घ्यायचा असतो. गोळे अलीकडे येऊ लागले असे तुम्हीच लिहिले आहे. ते कार्बामाझेपिन सुरू होण्याआधी होते की नंतर आले, हे आठवून सांगा. आणि सांगण्यासाठी थांबू नका, आज संध्याकाळीच सोडियम-पोटॅशियमची तपासणी करून घ्या. कार्बामाझेपिन स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका, चक्करेबद्दल तुमच्या डॉक्टरांना फोन करा. त्या गोंधळल्यासारख्या बोलू लागल्या किंवा उलट्या होऊ लागल्या, तर अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

सदाशिवराव

मी पुन्हा सांगतो, पाणी वाढवा. पाण्याने कोणाचे वाईट झालेले नाही.

औषधीकण

सदाशिवराव, वयाने आपण वडील आहात, पण या बाबतीत मला स्पष्ट बोलावे लागेल. सोडियम उतरलेल्या माणसाला चार लिटर पाणी पाजले तर रक्त आणखी पातळ होऊन सोडियम आणखी खाली जाते. आपल्याला मानवलेला उपाय इथे अपाय करू शकतो. रेवा, पाणी किती द्यायचे हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत तहानेपुरतेच द्या.

सदाशिवराव

मला हे ठाऊक नव्हते. केळ्याला तरी हरकत नसावी.

औषधीकण

टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवणारे आहे आणि क्लोरथॅलिडोन ते घटवणारे. अहवाल येईपर्यंत केळ्यालाही थांबू द्या.

रेवा_१२

गोळे नंतरच सुरू झाले. कार्बामाझेपिन सुरू होऊन दीड महिना झाला असेल. आणि गेल्या आठवड्यात ती दोनदा माझे नाव विसरून मावशीच्या नावाने हाक मारत होती, मी ते वयावर घातले. तपासणीला निघते आहे.

मोरपंखी

काळजी घ्या. पोहोचल्यावर दोन ओळी लिहा.

(चार दिवसांनी)

रेवा_१२

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. सोडियम १२४ निघाले. ते १३५ ते १४५ असावे लागते असे सांगण्यात आले. त्याच रात्री दाखल केले आणि सलाईनमधून सोडियम मुद्दाम हळूहळू वाढवले, कारण ते झपाट्याने वाढवले तर मेंदूला इजा होऊ शकते म्हणे. तिसऱ्या दिवशी १३३ झाल्यावर घरी सोडले. रक्तदाबाची गोळी बदलून क्लोरथॅलिडोन काढून टाकले आहे, कार्बामाझेपिनची मात्रा निम्मी केली आहे आणि जोडीला गॅबापेन्टिन हे मज्जातंतूंच्या कळांवरचे औषध दिले आहे. आठवड्याने पुन्हा सोडियम आणि महिन्याभरात एमआरआय करायचे आहे. आई आता मला माझ्याच नावाने हाक मारते. गोळे बरेच कमी झाले आहेत. गालातली कळ मात्र मात्रा कमी केल्यापासून सकाळी दात घासताना पुन्हा जाणवू लागली आहे, त्यावर डॉक्टर पुढच्या भेटीत विचार करणार आहेत.

औषधीकण, रक्तदाबाच्या गोळीचा काय संबंध म्हणून मी फणकारले होते, त्याबद्दल माफ करा. दाखल करताना डॉक्टरांनीही सगळ्या औषधांची पाकिटे मागितली. मॅग फॉसची बाटली मी पिशवीतच ठेवली होती, तीही शेवटी काढून दाखवली. ते एवढेच म्हणाले, 'ही घ्यायची तर घ्या, पण हिच्या भरवशावर बाकीचे बंद करू नका.'

पिंपळपान

आई घरी आल्या हे वाचून बरे वाटले. गरम पाण्यासोबत देणे चालू ठेवा असे मी म्हणेन, त्याने अपाय नाही. मात्र गालावर शेक देताना वाफ फार कढत नसावी, कातडी नाजूक झालेली असते.

त्रयस्थ

अपाय गोळीत नसेल, उशिरात असतो. आणखी पंधरा दिवस २०० देऊन पाहिले असते तर?

औषधीकण

त्रयस्थ, आता पुरे. रेवा, दात घासायला मऊ ब्रश आणि कोमट पाणी वापरू द्या, पंख्याकडे उजवा गाल येणार नाही अशी झोपायची दिशा बदला, आणि पुढचा सोडियमचा अहवाल इथे लिहा. कार्बामाझेपिन चालू असेपर्यंत ही तपासणी अधूनमधून करावीच लागेल.

चकवा

केवळ शीर्षक वाचून लिहीत आहे. २०० घेणार असाल तर कांदा, लसूण आणि कॉफी पंधरा दिवस पूर्ण बंद ठेवावी आणि बाटली कापराजवळ ठेवू नये.