हौशी मंडळी ग्रुप: हलव्याचे दागिने

मुग्धा (बी-२०३): नमस्कार मंडळी 🙏 धाकट्या जावेची पहिली संक्रांत आहे आणि आमच्या पिल्लूचं बोरन्हाणही. दागिने ऑनलाइन बघत होते, तर सासूबाई म्हणाल्या, सोसायटीत माई असताना? माई, ऑर्डर घ्याल का? पैसे सांगा.

माई (ए-१०१): ऑर्डर नाही घेत गं. दुपारी दोननंतर ये बसायला. येताना पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आण.

मुग्धा: मला तर बटणसुद्धा धड लावता येत नाही!

माई: बटण कुठे लावायचंय? गाठ मारता आली की झालं.

शिल्पावहिनी (सी-३०४): 📷 तिळगुळाच्या पोटल्या, क्रोशाच्या. पहिल्या दोन जरा तिरक्या आल्यात, त्या घरात ठेवते. बाकीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून. नमुना हवा असेल तर सांगा, कागदावर काढून फोटो टाकते.

नाना (ए-१०१): सुरेख! वहिनी, तिरकी मला द्या. सुपारी ठेवायला बरी.

जयंत (डी-४०२): तुम्ही सगळ्या मिळून ग्वाल्हेरच्या व्यापार मेल्यात स्टॉल का नाही टाकत? हातच्या वस्तूंना हल्ली चांगला भाव मिळतो.

माई: मेला १९०५ पासून चालू आहे, आपल्यावाचून काही अडलेलं नाही. स्टॉल म्हटला की पावती, भाव, घासाघीस. एकेका मंगळसूत्राला दुपारच्या दुपार जाते, त्याचा काय भाव सांगणार? त्यापेक्षा तुझ्या बायकोला पाठव, शिकेल.

जयंत: तिला वेळ नाही. मी आलो तर चालेल?

माई: चालेल की. नखं कापून ये.

रश्मी (डी-१०३): माई, मी पण येऊ? माझी मराठी कच्ची आहे, पण शिकायचं आहे. दाल बाजारातून इलायचीदाणा आणला तर त्याचे दागिने होतील ना?

माई: ये ना बेटा. पण इलायचीदाणा गुळगुळीत असतो, दोरा त्याच्यावरून घसरतो. काटेरी हलव्याच्या काट्यांत दोरा अडकून बसतो. काटा नुसता शोभेचा नाही.

सेक्रेटरी: टाकी सफाईमुळे उद्या ११ ते ४ पाणी बंद.

शिल्पावहिनी: भाऊ, हा तो ग्रुप नाही 😄

मुग्धा: माई, हलवा घरी कसा करायचा ते एकदा लिहून टाकाल का?

माई: लिहूनच ठेवते, दरवर्षी फोनवर सांगून घसा बसतो.
तीळ किंवा खसखस परातीत कोरडीच शेकून घ्यायची. मोठा दाणा हवा असेल तर साबुदाणा. साखर जेमतेम बुडेल एवढं पाणी घालून पाक करायला ठेवायचा, उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, मळी वर येते ती काढून टाकायची. पाक एकतारी. मग परात तव्यावर ठेवून गॅस अगदी बारीक. एक चमचा पाक टाकायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं, थांबायचं नाही. दाणे सुटे होऊन खडखड वाजले की पुढचा चमचा, त्याआधी नाही. घाई केली की सगळ्याचा एक गोळा.
पहिल्या दिवशी नुसतं पांढरं पूट चढतं, काटा दिसतच नाही. तिथेच निम्म्या जणी कंटाळतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाणा जड होतो आणि काटा वर यायला लागतो. धुक्याच्या दिवशी मी परात चढवत नाही. हवेत ओल असली की पाक वाळत नाही, दाणा बोथट राहतो. आपल्या ग्वाल्हेरच्या जानेवारीत हीच पंचाईत, थंडी मुबलक पण ऊन पाहुण्यासारखं. ज्या दिवशी नीट ऊन पडेल त्या दिवशी सकाळीच मेसेज करीन.
ओवताना दाण्यात सुई घालायची नाही, फुटतो. दोऱ्याचा फास करायचा, दाणा त्यात धरायचा, ओढून गाठ. मग पुढचा दाणा.

रश्मी: वाह! सेव्ह केलं. मी मुरैन्याची गजक आणते सगळ्यांसाठी.

नाना: माझं काम पुठ्ठ्याचं. मुकुट, बाजूबंद, बासरी कापून देतो. जुन्या लग्नपत्रिका टाकू नका, गेटवरच्या खोक्यात ठेवा. जाड आणि सोनेरी असतील तर सोन्याहून पिवळं.

डॉक्टरकाका (बी-४०१): हौस करा, फक्त एक सांगतो. मुकुटाला दाणे फेविकॉलने चिकटवता, तो मुलाच्या तोंडात जाता कामा नये. फोटो झाले की काढून ठेवा. आणि बोरन्हाणात हलवा, हरभरे, शेंगदाणे डोक्यावर ओतता, ते चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. चुरमुरे जास्त घ्या. खाली पडलेलं मोठ्या मुलांना वेचू द्या, पिल्लूला लगेच कडेवर घ्या.

मुग्धा: काका, बरं झालं सांगितलंत. बोरं पण नकोत?

डॉक्टरकाका: बोरं थोडीच, ओंजळीने हलकेच. बी त्याच्या हाती लागू देऊ नका.

माई: त्याच्या गळ्यातला हार मी दोऱ्यातच गुंफते, गोंद नको. तरी चघळायला देऊ नकोस हो.

मुग्धा: पण माई, दोघांचे दागिने संक्रांतीपर्यंत होतील?

माई: जावेचे आधी. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे पिल्लूचे नंतर. नथ आणि बिंदी मी करते, बारीक खसखशीचा दाणा लागतो. बांगड्या तू कर. तोडे जयंत.

जयंत: तोडे म्हणजे पायातले?

माई: हातातले. ये, दाखवते.

शिल्पावहिनी: काळ्या खणाचा तुकडा उरलाय माझ्याकडे, पिल्लूचं झबलं शिवून देते. छातीचं माप पाठव, जरा सैलच धर, आत स्वेटर असेल.

मुग्धा: वहिनी 🥹 मी काय देऊ तुम्हाला सगळ्यांना?

माई: पुढच्या वर्षी कोणाची तरी पहिली संक्रांत असेलच, तिच्या बांगड्या तू करायच्या. दागिने मात्र कापसात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, पावसाळ्यात डबा उघडू नकोस. पाणी सुटतं आणि मुंग्या लागतात.

नाना: मुग्धा, तुझ्या दिराला काय करायचं? हार आणि नारळ ठरलेलेच. वर हलव्याचं मनगटी घड्याळ करावं म्हणतो. किती वाजलेले दाखवू?

मुग्धा: साडेदहा, नाना. त्याचं ऑफिस दहाचं आहे 😂