पहिल्या दोन ऑफर हातात असताना तुम्ही निवड कशी केलीत?

माझ्या मावसबहिणीचं ग्राफिक डिझाइनचं शिक्षण नुकतंच संपलं. हातात दोन ऑफर आहेत: एक नाशिकच्या अंबडमधल्या पॅकेजिंग प्रेसमधली, दुसरी पुण्यात ॲप बनवणाऱ्या कंपनीतली, पगार जास्त. घरी सगळे पगार आणि शहर एवढ्यावरच बोलताहेत. मला वाटतं, पहिल्या नोकरीत तुमची फाइल कोण तपासणार आणि ती पुढे कुठे जाणार, हे आधी बघावं. नाशिकमध्ये राहून ज्यांनी अशी निवड केली त्यांनी लिहा. ‘मनाचं ऐक’ एवढंच नको. काय बघितलं, काय विचारलं ते सांगा.

सातपूर, पॅकेजिंग
मला कॉलेज रोडवरच्या एका एजन्सीची ऑफर होती, रोजच्या सोशल मीडिया पोस्टसाठी. मी प्रेस घेतली. पोस्ट चुकली तर काढून टाकता येते. बॉक्स चुकला तर छापलेला सगळा माल पडून राहतो, म्हणून इथे प्रत्येक फाइल दोघं-तिघं बारकाईने बघतात. मशिनवरच्या काकांनी मला छापून आलेला कागद भिंगाखाली दाखवला: बारीक अक्षरं छपाईचे चारही रंग मिसळून केलेल्या काळ्यात टाकली की रजिस्टर, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, जरा हललं तरी कडेला रंगीत झाक येते. ती नुसत्या काळ्यात टाकायची. डायलाइनवर, म्हणजे बॉक्स कुठे कापायचा-दुमडायचा त्या आखणीवर, गोंदाची पट्टी असते तिथे शाई आणि वार्निश नको, नाहीतर बॉक्स चिकटत नाही. द्राक्षांच्या कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) खोक्यावर फ्लेक्सोने, म्हणजे लवचिक ठशाने, छापायचं असेल तर फार बारीक रेघ टिकत नाही. हे कोर्समध्ये वाचलं होतं, पण अंगात मुरलं ते प्रेसवर. आता बरंचसं स्क्रीनचं काम करते, तरी ‘हे बनणार कसं?’ हा प्रश्न आधी पडतो.

मूळ पंचवटी, सध्या पुणे
मी पुणं घेतलं आणि आजही तेच घेईन. ॲपचं काम एकट्याने शिकता येत नाही. कोड लिहिणारा शेजारी हवा, वापरणाऱ्या माणसांशी बोलणारं कुणीतरी टीममध्ये हवं. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर मराठीला पुरत नाही, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, हे मला शेजारच्या डेव्हलपरने खऱ्या फोनवर दाखवलं.
पण ताई, तिला आकडा सोलून बघायला सांगा. सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावरचा एकूण खर्च म्हणून सांगते त्या आकड्यात, कंपनीचा पीएफचा हिस्सा धरलेला असतो, साधारण मूळ पगाराच्या १२ टक्के; पुष्कळदा ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्केही. शिवाय तिच्या पगारातून तिचा पीएफ कापला जाणार तो वेगळा. मी इन-हँड, म्हणजे प्रत्यक्ष हातात येणारी, रक्कम मेलवर मागितली, त्यातून खोलीभाडं आणि डबा वजा केला. नाशिकच्या ऑफरपेक्षा फारसं काही वर उरत नव्हतं. तरी गेलो, कामासाठी.

नाशिकरोड
वडिलांचं काम सुटलं होतं, धाकट्या भावाची फी भरायची होती. मी जास्त पगाराची घेतली. काम साधं होतं, कोरल सॉफ्टवेअरमध्ये लग्नपत्रिका आणि फ्लेक्स. त्या पगाराने घर उभं राहिलं. ‘शिकायला मिळतंय तर कमी पैसे चालतील’ हे ज्याच्या घरात दुसरा पगार येतो त्यालाच परवडतं. कुणाला घर चालवायचं असेल तर त्याने निर्धास्त पैसे बघावेत.

गंगापूर रोड, ब्रँडिंग
ऑफर लेटर शेवटच्या पानापर्यंत वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाची पहिली मालकी नोकरी देणाऱ्याची. म्हणून काम पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी आधीच मागावी. मी दोन्हीकडे तोच मेल पाठवला. एकीकडून ‘काम बाजारात आलं की खुशाल दाखवा’ असं लेखी आलं, दुसरीकडून टाळाटाळ. माझी निवड तिथेच झाली. टाळणाऱ्यांच्या पत्रात नोकरी सोडल्यावर दुसऱ्या एजन्सीत जायचं नाही, असंही कलम होतं. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे असं बंधन सहसा टिकत नाही. बाँडचे पैसे, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर भरायची रक्कम, मात्र वेगळं प्रकरण आहे, त्याबद्दल सहीआधीच बोला.

पुन्हा मी
नाशिकरोडच्या दादा, तुमचा मुद्दा मावशीपुढे मांडते. घरचा हिशोब तिलाच ठाऊक. पुण्याला इन-हँडचा मेल गेलाय. प्रेसवाल्यांनी एक दिवस येऊन बसायला होकार दिला आहे.

अंबड, प्रॉडक्ट डिझाइन
जाईल तेव्हा तिने विचारावं, आधी या जागेवर कोण होतं आणि ते आता कुठे आहे. मी विचारलं तेव्हा एका कंपनीत तीच व्यक्ती पुढे टीम सांभाळत होती. दुसरीकडे वर्षभरातच पुन्हा माणूस शोधत होते. आणि डबा मशिनवाल्यांसोबत खावा. डिझायनरला रात्री किती वाजेपर्यंत थांबवून घेतात, ते तेच सांगतील.