लीगची शिक्षा गुन्ह्याला की बोभाट्याला?

न्यू_जर्सीकर
क्रिकेटवाल्यांसाठी आधी थोडक्यात: एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग. खेळाडूने मैदानाबाहेर गुन्हा केला, तर कोर्ट काहीही करो, लीग स्वतःची वेगळी शिक्षा देते. या शिक्षांचा हिशेब मला बारा वर्षं इथे राहूनही पटलेला नाही.

फेब्रुवारी २०१४. आमच्याच राज्यातल्या अटलांटिक सिटीत, एका कसिनोच्या लिफ्टमध्ये बाल्टिमोर रेव्हन्सच्या रे राईसने होणाऱ्या बायकोला ठोसा मारला. लगेच एक व्हिडिओ बाहेर आला. लिफ्टचं दार उघडतं, ती बेशुद्ध पडलेली, आणि हा तिला पोतं ओढावं तसा बाहेर ओढतो. जुलैमध्ये लीगचे आयुक्त (प्रमुख) रॉजर गुडेल यांनी शिक्षा सुनावली: दोन सामने. त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलँडच्या जॉश गॉर्डनवर गांजाच्या चाचणीवरून अख्ख्या हंगामाची बंदी आली (पुढे नियम बदलले आणि ती दहा सामन्यांवर आली).

८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतला व्हिडिओ फुटला. त्याच दिवशी संघाने करार मोडला आणि लीगने बेमुदत बंदी घातली. ठोसा तोच, बाई तीच. फरक एवढाच की आता तो ठोसा साऱ्या देशाने पाहिला होता.

पुढे २०२२ बघा. कॅल्विन रिडलीने आदल्या वर्षी संघापासून रजेवर असताना एनएफएलच्या सामन्यांवर पैसे लावले. त्याच्याच म्हणण्यानुसार एकूण १५०० डॉलर. बंदी किमान एक पूर्ण हंगाम. डेशॉन वॉटसनने मसाजच्या वेळी लैंगिक गैरवर्तन केलं म्हणून वीसहून अधिक महिलांनी २०२१ पासून त्याच्यावर दिवाणी दावे लावले होते. २०२२ मध्येच त्याला आधी सहा सामने, मग लीगने अपील केल्यावर तडजोडीत अकरा सामने आणि ५० लाख डॉलर दंड.

माझं म्हणणं सरळ आहे. धंद्याला लागलेला ओरखडा लीगला बिनचूक मोजता येतो. बाईला झालेली इजा मोजायची वेळ आली की हात थरथरतो.

कोपऱ्यातला_पंच
साफ असहमत. सट्टा हा खेळाच्या मुळावरचा घाव आहे. खेळाडूच पैसे लावायला लागला तर सामना बघायचा कशाला? तिथे लीगने कडक राहायलाच हवं, ते तिचंच काम आहे. मारहाण, बलात्कार, खून हे कोर्टाचं काम. वॉटसनने आरोप नाकारले होते आणि टेक्सासच्या दोन ग्रँड ज्युरींनी (खटला भरायचा की नाही ते ठरवणारी नागरिकांची मंडळं) त्याच्यावर खटला भरायला नकार दिला. मग लीगने कशाच्या जोरावर अकरा सामने काढले?

आणि राईसचं पुढचं तुम्ही सांगितलंच नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये लवाद म्हणून बसलेल्या माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ती बेमुदत बंदी रद्द केली. का? तर त्याने लीगपासून काही लपवलं होतं असं सिद्ध झालं नाही, आणि एकाच कृत्यासाठी दोनदा शिक्षा देता येत नाही. न्याय याला म्हणतात.

न्यू_जर्सीकर
रद्द झाली, मान्य. पण त्यानंतर एकाही संघाने त्याला घेतलं नाही, तो पुन्हा एकही सामना खेळला नाही. म्हणजे कागदावर बंदी शून्य आणि प्रत्यक्षात जन्मभराची. कोर्टाने त्याला खटल्याऐवजी सुधारणेच्या कार्यक्रमात घातलं होतं आणि तो पूर्ण केल्यावर आरोपच काढून टाकला. तेव्हा 'कोर्टावर सोडा' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं.

कायदेपंडित_नागपूर
पंचभाऊ, दोन गोष्टींची गल्लत होते आहे. फौजदारी कोर्टात गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. मालकाच्या चौकशीत तेवढं लागत नाही. पुराव्याचं पारडं कुठे झुकतं एवढं बघतात. आपल्याकडेही कर्मचारी कोर्टातून सुटला तरी विभागीय चौकशी चालू राहू शकते. कुस्तीगीर सुशील कुमारला खुनाच्या प्रकरणात २०२१ मध्ये अटक झाली, तेव्हा उत्तर रेल्वेने खटल्याच्या निकालाची वाट न बघता त्याला निलंबित केलं. त्याला कोणी अन्याय म्हटलं नाही.

क्रिकेटचं उदाहरण बेन स्टोक्स. ब्रिस्टलच्या रस्त्यावरची मारामारी सप्टेंबर २०१७ ची. ॲशेस मालिका हुकली. ऑगस्ट २०१८ मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं. तरी डिसेंबरमध्ये शिस्त आयोगाने आठ सामन्यांची बंदी आणि ३० हजार पौंड दंड लावला. सामने आधीच बाहेर बसून भरले होते असं धरलं. मला हे योग्य वाटतं. गुन्हा नसला तरी वर्तन शोभणारं नव्हतं.

कोपऱ्यातला_पंच
आणि मला हेच खटकतं. आधी बाहेर बसवायचं, आणि सुटल्यावर त्या बाहेर बसण्यालाच शिक्षेचं नाव द्यायचं! निकाल आधी, सुनावणी नंतर. निलंबन ही शिक्षा नसते, हे तुम्हीच आम्हाला शिकवता ना?

कायदेपंडित_नागपूर
हा मुद्दा बिनतोड आहे. मागे घेतो.

मेघना_नाशिक
तुम्ही सगळे खेळाडूवर किती अन्याय झाला तेच मोजताय. मला तिच्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्या बिल्डिंगमधल्या एक वहिनी. नवरा सरकारी कचेरीत. एका रात्री कानाखाली वळ घेऊन माझ्या दारात आल्या, सकाळी मी त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यापर्यंत गेले. पायऱ्यांवर थांबल्या. पर्समधून मुलीच्या शाळेच्या फीची पावती काढली, नुसती बघत राहिल्या. म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस तास आत राहिले की निलंबन होतं गं. निर्वाह भत्त्यावर घर कसं चालवू?" परत आलो. तक्रार झालीच नाही.

राईसची बंदी वाढली तेव्हा त्याच्या बायकोने जाहीरपणे लिहिलं की त्याने आयुष्यभर राबून मिळवलेलं हिरावून घेणं भयंकर आहे. लोकांनी तिलाच नावं ठेवली. मी नाही ठेवली. शिक्षा जितकी मोठी तितकं बाईचं तोंड घट्ट बंद, हे मी त्या पायऱ्यांवर पाहिलंय. म्हणून 'आणखी कडक शिक्षा करा' या मागणीला माझा हात वर जात नाही.

न्यू_जर्सीकर
मेघनाताई, हे वाचून मी बराच वेळ थांबलो. तुमचं पटतं, पण मग दोन सामन्यांवर समाधान मानायचं का? लीगकडे एक मधला मार्ग आहे: आयुक्तांची सवलत यादी. चौकशी चालू असताना खेळाडू मैदानाबाहेर, पगार मात्र चालू. २०१४ मध्येच मुलाला फोकाने मारल्याच्या प्रकरणात एड्रियन पीटरसनला त्या यादीत टाकलं होतं. निकाल लागेपर्यंत घर चालतं आणि टाळ्याही मिळत नाहीत.

शिवाय बंदीचा पैशाशी मेळ तरी बसावा. वॉटसनचा २०२२ मधला करार २३ कोटी डॉलरचा, पूर्ण हमीचा होता. पण पहिल्या वर्षाचा मूळ पगार जेमतेम १० लाखांच्या थोडा वर. बंदीत कापला जातो तो हाच मूळ पगार. सहा सामने असोत की अकरा, त्याला ते खरचटण्याइतकंच.

कोपऱ्यातला_पंच
सवलत यादी मला चालेल. त्यात कोणी दोषी ठरत नाही. पण शेवटचा शब्द कोणाचा? लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२० च्या करारानंतर सुनावणी दोघांनी मिळून नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे होते. वॉटसनच्या वेळी त्या माजी न्यायाधीश सू रॉबिन्सन होत्या. त्यांचा निर्णय पटला नाही म्हणून लीगने अपील केलं, आणि अपील ऐकणारा माणूस गुडेल यांनीच नेमला. फिर्यादीच न्यायाधीश निवडतोय. हे बदला, मग अकरा सामने म्हणा नाहीतर वीस.

मेघना_नाशिक
पंचदादा, न्यायाधीश कोणीही आणा. तिला विचारतं कोण आणि कसं, ते आधी ठरवा. जून २०१४ मध्ये गुडेल राईसच्या बायकोशी बोलले होते. नवरा त्याच खोलीत, तिच्यासमोर. आजूबाजूला संघाचे आणि लीगचे अधिकारी. त्या खोलीत ती दुसरं काय बोलणार होती?