मदत हवी आहे: 'हार्ड'चं 'हार्डली' का चालत नाही?

प्रश्न – शेवग्याची शेंग

मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्रजी. चाचणीत कंसातल्या विशेषणाचं रीतिवाचक क्रियाविशेषण करून गाळलेली जागा भरायची होती. स्लोचं स्लोली, हॅपीचं हॅपिली केलं, ते बरोबर. पुढे मात्र 'माय फादर वर्क्स हार्डली', 'शी सिंग्ज गुड' आणि 'ही स्पोक फ्रेंडलिली', तिन्हींवर लाल फुल्या. वही घेऊन माझ्यापुढे उभी: "आई, ली लावायचं असं तूच शिकवलंस ना?"

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, तेही पाठांतराचं. चूक आहे एवढं कळतं, पण का ते सांगता येत नाही. शिवाय ती विचारते, 'द सूप टेस्ट्स गुड' बरोबर, मग 'सिंग्ज गुड' का नाही? कोणी समजावेल का?

रिकामा डबा

ते पहिलं वाक्य बाबांना दाखवू नका! हार्डली म्हणजे 'जेमतेम, जवळजवळ नाहीच'. मेहनतीने काम करतात म्हणायचं तर नुसतं हार्ड. लेटचंही तसंच: 'केम लेट' म्हणजे उशिरा आला, लेटली म्हणजे अलीकडे. फास्टचं तर फास्टली होतच नाही.

ओसरीवरून

'सिंग्ज गुड' ही चूक मराठीतून आलेली आहे, पोरीला रागावू नका. आपण म्हणतो तो चांगला गातो, ती चांगली गाते. काम गाण्याचं सांगायचं, पण शब्द गाणाऱ्याप्रमाणे बदलतो, म्हणजे दिसायला विशेषणच. तेच डोक्यात ठेवून इंग्रजीत गुड येतं. तिथे मात्र 'गाते कशी?' याचं उत्तर हवं, म्हणून वेल.

आता सूप. सूप काही चव घेत नाही, ते चवीला कसं आहे एवढंच सांगायचंय. टेस्ट्सच्या जागी 'इज' घालून बघा: 'द सूप इज गुड', अर्थ फारसा बदलत नाही, म्हणून विशेषण. आचाऱ्याने चव घेतली तर 'द कुक टेस्टेड द सूप केअरफुली', कारण इथे तो खरंच काहीतरी करतोय. तसंच 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो रागावलेला दिसला, आणि 'ही लुक्ड ॲट मी अँग्रिली' म्हणजे माझ्याकडे रागाने बघितलं. ही जोडी तिला नाटक करून दाखवा.

फ्रेंडलीत ली आहे, पण तो फ्रेंड या नामाला लागून विशेषण झालंय. लव्हलीही त्यातलंच. त्यावर आणखी एक ली चढवत नाहीत, 'इन अ फ्रेंडली वे' म्हणतात.

घाटातला ड्रायव्हर

मग आमच्या रस्त्यावर पाट्या 'गो स्लो' का? स्लोली नको?

ओसरीवरून

स्लो क्रियाविशेषण म्हणूनही जुनं आहे, पाटी चुकलेली नाही. पण पेपरात कंसात स्लो दिलं असेल तर गुमान स्लोली लिहावं, मार्कांशी वाद नको.

रिकामा डबा

स्पेलिंगचं राहिलं. बेसिकचं बेसिकली लिहिताना मध्ये 'ए-एल' शिरतं, उच्चारात ते जाणवत नाही म्हणून पोरं गाळतात. पब्लिकला मात्र सरळ ली. ट्रूचा शेवटचा 'ई' ट्रूलीत उडतो.

आणि जागा बघा. मराठीत 'ती इंग्रजी अस्खलित बोलते', म्हणून पोरं 'शी स्पीक्स फ्लुअंटली इंग्लिश' लिहितात. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये घुसायचं नाही. 'शी स्पीक्स इंग्लिश फ्लुअंटली.'

शेवग्याची शेंग

सगळ्यांचे आभार. रागाने बघण्याचं नाटक तिला फारच आवडलं, आता जेवताना माझ्याकडेच अँग्रिली बघते. पण लगेच नवा प्रश्न आला: वेल जर क्रियाविशेषण, तर 'आय ॲम वेल' कसं चालतं?

ओसरीवरून

तिथे वेल विशेषणच आहे, अर्थ 'तब्येत बरी'. 'आय ॲम गुड' आता बोलताना सर्रास चालतं, पण पत्रलेखनात वेलच लिहायला सांगा.