शाळेतली टोळी: तुमचे अनुभव लिहा

परवा मुलासोबत 'बॉइज' हा मराठी सिनेमा पुन्हा पाहिला. 2017चा, विशाल देवरुखकरांचा. बोर्डिंगमधला घुमा कबीर आणि त्याच्या वाट्याला आलेले ढुंग्या नि धैर्या. मुलींवरचे काही विनोद आता खटकले, ते मुलाला सांगितलंही. पण पार्थ भालेरावचा ढुंग्या आला की दोघंही खळखळून हसत होतो. मध्येच त्यानं विचारलं, "बाबा, तुमचे होते असे मित्र?"

होते ना! आठवीत मी नाशिकच्या सिडकोतल्या शाळेत नवा. डब्यात भाकरी-ठेचा, म्हणून मधल्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. मागच्या बाकावरच्या दोघांनी तो ओढला, फस्त केला आणि आपली पोळी-भाजी माझ्यापुढे सरकवली. "उद्या पण आण." बास, एवढंच बोलणं. दहावीपर्यंत मी त्यांच्याच बाकावर होतो.

आता तुम्ही लिहा. आलेले काही अनुभव खाली देतोय.

पंचवटीतून
पावसाळ्यात आमच्या पैजा लागायच्या, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागणार? गुडघा, कंबर की छाती? हरेल त्यानं सगळ्यांना मिसळ द्यायची. सप्टेंबर 2008च्या पुरात मात्र कुणी पैज लावली नाही. टोळीतल्या एकाचं घर गोदाकाठालाच होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही पाच जण चार दिवस तिथे गाळ उपसत होतो. त्याचं दहावीचं वर्ष, वह्या-पुस्तकांचा लगदा झालेला. मग आम्ही विषय वाटून घेतले. माझ्याकडे भूगोल आला. आकृत्यांसकट अख्खी वही उतरवून दिली. त्यानं ती घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "नकाशे रंगवले नाहीस?" आम्ही त्या चिखलात बसून पोट धरून हसलो. त्याची आई दारात उभी होती, तीही हसली. पूर आल्यापासून पहिल्यांदाच.

जुन्या नाशकातून
मला पाण्याची भीती होती, हे फक्त दोघांना माहीत. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या जुन्या हौदावर, दोघांनी माझे दोन हात धरले आणि तिघांनी एकदम धप्पा, म्हणजे उडी, मारला. वर्गात कुणालाच कधी कळलं नाही.

इंदिरानगरहून
पांडवलेणीच्या पायथ्याशी, फाळके स्मारकात बसून आम्ही चौघांनी वहीत सिनेमा लिहिला होता. हिरो कोण, यावरून आठवडाभर अबोला. शेवटी चार हिरो केले. वही माझ्याकडे आहे.

नाशिकरोडहून
मी आई म्हणून लिहितेय. मुलगा नववीत, घरात हो-नाहीच्या पुढे बोलत नाही. गेल्या महिन्यात त्याच्या मित्राच्या वडिलांची मनमाडला बदली झाली. स्टेशनवर दोघांचं बोलणं म्हणजे, "चल रे, निघ." "तू निघ." मला वाटलं, यांना काहीच कसं वाटत नाही? गाडी हलली तसा हा प्लॅटफॉर्म संपेपर्यंत खिडकीसोबत धावला. घरी येऊन दप्तरातून मित्राचा डबा काढला, "चुकून राहिला" म्हणाला. रोज स्वतः घासून ठेवतो. काल विचारत होता, रविवारी मनमाडला नेऊन देऊ का?